शाप कोणता आणि उःशाप कोणता : जुन्या परीकथा क्वीअर नजरेने पुन्हा सांगताना

ऐरोलीला राहणाऱ्या एका मावशींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तेरा वर्षांच्या भाचीसाठी त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसनची जलपरीची गोष्ट मराठीत नव्याने लिहायची आहे. जलपरी राजपुत्राऐवजी राजकन्येच्या प्रेमात पडते, एवढा बदल करून त्यांनी चाळीस पाने लिहिलीही आहेत. परंतु वाचून पाहताना ती पाने त्यांना जुनीच गोष्ट वाटतात, एक नाव खोडून दुसरे घातल्यासारखी. मूळ गोष्टीला किती हात लावावा, मराठीत हे साधावे कसे, कायद्याची आडकाठी आहे का, आणि या वयाच्या मुलांपुढे अशी गोष्ट ठेवावी का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

मी गेली २२ वर्षे मुलांच्या पुस्तकांचे संपादन करते आणि त्यांतली शेवटची नऊ वर्षे ठाण्यात आणि नेरूळला पुनर्कथनाच्या छोट्या कार्यशाळाही घेते. एका वेळी दहा-बारा जण असतात; त्यांत क्वीअर, म्हणजे समलिंगी, पारलिंगी असे, तरुण असतात, शिक्षक असतात, आपल्या मुलाला समजून घेऊ पाहणारे आईवडीलही असतात. पुढचे सगळे त्या कामातून आलेले आहे. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील, आणि तसे मी त्या त्या ठिकाणी सांगेन.

मावशी, तुम्ही पात्र बदललेत, पण गोष्टीचा नियम बदलला नाहीत, आणि अडचण तिथे आहे असे मला वाटते. प्रत्येक परीकथेला एक शाप असतो आणि एक उःशाप असतो. काहीतरी बिघडलेले असते आणि ते अमुक एका अटीवर सुधारणार असते. ही अट कथेच्या जगात कोणी घातली, ती कोणाच्या सोयीची आहे आणि ती पुरी झाली म्हणजे नेमके काय 'सुधारते', हे बहुतेक वेळा कोणी विचारत नाही, कारण आपण ती गोष्ट शाळेत जाण्याच्या आधीपासून ऐकत आलेलो असतो. बहुतेक जुन्या गोष्टींत बदललेले शरीर हा शाप असतो आणि राजपुत्र-राजकन्येचे लग्न हा उःशाप. क्वीअर पुनर्कथनाने हा हिशेब पुन्हा मांडायचा असतो. तो न मांडता फक्त राजपुत्राच्या जागी राजकन्या आणली, तर जुना हिशेब मुकाट्याने चालू राहतो आणि वाचकाला तो जाणवतो, जसा तुम्हाला स्वतःला जाणवला.

हे मला शिकवले कळव्याच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीने. मी पहिले पुनर्कथन केले ते झोपलेल्या राजकन्येचे. माझ्या गोष्टीत काटेरी कुंपण ओलांडून येणारी दुसरी राजकन्या होती आणि तिच्या चुंबनाने पहिली जागी होत असे. मी ती गोष्ट राम मारुती रोडजवळच्या एका घरी, मोजक्या लोकांपुढे वाचली. सगळे चांगले बोलले. ती मुलगी मात्र शेवटी म्हणाली, "ताई, चुंबन घेणारी बदलली, पण झोपलेली अजून झोपलेलीच आहे. तिला कोणी विचारलंच नाही." घरी जाऊन मी ग्रिम बंधूंची गोष्ट पुन्हा उघडली. १८१२ साली त्यांचा संग्रह निघाला, त्यात ही गोष्ट आहे. इतकी वर्षे जे मी डोळ्यांआड केले होते ते तिथे सरळ लिहिलेले होते : राजपुत्र आला त्याच दिवशी शंभर वर्षे भरली होती आणि काट्यांची आपोआप फुले होऊन वाट मोकळी झाली होती. त्याहून जुन्या, १६९७ सालच्या पेरोच्या गोष्टीत तर चुंबन नाहीच. राजपुत्र गुडघे टेकतो आणि मुदत संपलेली असल्यामुळे ती जागी होते. म्हणजे उःशाप काळाचा होता. राजपुत्र योग्य वेळी पोहोचला, इतकेच. मग मी गोष्ट पुन्हा लिहिली. नव्या गोष्टीत राजकन्या आपली आपण जागी होते आणि उशाशी बसलेली एक अनोळखी मुलगी तिला आधी पाणी देते, मग नाव विचारते. प्रेम पुढे होते, आणि जागी असलेल्या माणसाशी होते.

तेव्हापासून मी प्रत्येक मूळ गोष्टीत हे दुसरे दार शोधते. पुष्कळदा ते मूळ लेखकानेच ठेवलेले असते आणि आपण केवळ पहिल्या दारातून आत-बाहेर करत असतो.

दार नसलेली गोष्टही असते, आणि तिच्यापासूनही शिकता येते. फ्रँक बाम यांच्या ओझ मालिकेतले दुसरे पुस्तक १९०४ साली आले. त्याचा नायक टिप हा मोम्बी नावाच्या चेटकिणीच्या घरी वाढलेला खोडकर मुलगा आहे. पुस्तकाच्या अखेरीस कळते की तान्ही राजकन्या ओझ्मा हिला मोम्बीने मंत्राने मुलगा करून टाकले होते, आणि टिप म्हणजेच ती ओझ्मा. आता शाप उतरवायचा, म्हणजे टिपने मुलगी व्हायचे. हे ऐकून टिप घाबरतो. त्याला मुलगाच राहायचे असते, मित्रांबरोबर भटकायचे असते. वडीलधारी मंडळी त्याला गोड शब्दांत समजावतात आणि शाप उतरवला जातो. पडद्यामागून ओझ्मा बाहेर येते तेव्हा ती मित्रांना सांगते की माझ्यावरची माया कमी करू नका, मी तोच टिप आहे, फक्त... आणि इथे ती अडखळते. तिचे वाक्य भोपळ्याच्या डोक्याचा जॅक पुरे करतो : फक्त तू वेगळी आहेस. सगळ्यांना वाटते की याहून शहाणे तो आजवर काही बोललेला नाही.

मी हे पान कार्यशाळेत हमखास वाचते, कारण याच्यावर खोलीत कधीच एकमत होत नाही. एका ट्रान्स मुलीने, म्हणजे जन्मतः मुलगा मानल्या गेलेल्या मुलीने, सांगितले होते की लहानपणी हे वाचून तिला वाटले, कोणीतरी आपल्यावरचाही मंत्र उतरवील. त्याच खोलीतल्या एका ट्रान्स मुलाला हेच पान असह्य झाले, कारण टिपला जे व्हायचे होते ते त्याला मोठ्यांनी होऊ दिले नाही. दोघेही बरोबर वाचत होते. एकाच मंत्राला एकीने उःशाप म्हटले आणि दुसऱ्याने शाप. पुनर्कथन सुरू करण्याची जागा मला विचाराल तर ती हीच आहे. टिपला कोणी खरोखर विचारले असते आणि त्याच्या उत्तरासाठी थांबले असते, तर पुढचे सगळे प्रकरण कसे गेले असते?

आपल्याला हा विचार परका वाटायचे काही कारण नाही. उर्वशीच्या शापाने अर्जुनाचे पुरुषत्व गेले. इंद्राने त्या शापाला एका वर्षाची मुदत घातली. आणि विराटाच्या घरी अज्ञातवासाच्या वर्षी तोच शाप बृहन्नडेच्या कामी आला. उत्तरेला नृत्य शिकवणारी बृहन्नडा त्या वर्षापुरती कोणाची कीव करण्याजोगी व्यक्ती नाही, ती मानाची गुरू आहे. शापच उपयोगी पडतो, ही कल्पना आपल्या आजीच्या तोंडून आपण ऐकलेली आहे. ती अँडरसनच्या समुद्रात नेली तर तिथे काही उपरे दिसणार नाही.

आता तुमच्या जलपरीकडे येते, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

ही गोष्ट १८३७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात जलपरी समुद्रातल्या चेटकिणीला आपली जीभ देऊन माणसाचे पाय मिळवते, आणि प्रत्येक पावलाला तिला सुऱ्यांवर चालल्यासारखे दुखते. त्याच्या आदल्या वर्षी अँडरसनचा जिवलग मित्र एडवर्ड कॉलिन याचे लग्न झाले होते. अँडरसनने त्याला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांतली ओढ मैत्रीच्या पलीकडची आहे, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. म्हणून मुकी जलपरी म्हणजे अँडरसन स्वतः, असेही वाचन केले जाते. ते मला पटते. पण ती पत्रे आणि ती गोष्ट यांच्यामध्ये सरळ रेघ ओढून मुलांना 'लेखक असा होता, म्हणून गोष्ट अशी आहे' असे सांगू नये. लेखकाचे दुःख माहीत नसतानाही गोष्ट उभी राहते, आणि तुमचीही तशीच उभी राहिली पाहिजे.

गोष्टीतली अट नीट आठवा. जलपरीला फक्त राजपुत्र नको आहे, तिला अमर आत्मा हवा आहे. आजी तिला सांगते की एखाद्या माणसाने तुझ्यावर आईबापांहून अधिक प्रेम केले आणि धर्मगुरूने त्याचा हात तुझ्या हातात दिला, तरच तुला त्याच्या आत्म्याचा वाटा मिळेल. मेख या धर्मगुरूच्या हातात आहे. तुम्ही राजपुत्राच्या जागी राजकन्या आणलीत, त्या क्षणी उःशापाची वाट बंद झाली, कारण त्या राज्यातला कोणता धर्मगुरू दोन मुलींचे हात एकमेकींच्या हातांत देणार आहे? तुमच्या चाळीस पानांत हा प्रश्न कोणालाच पडत नाही. राजकन्येचे प्रेम जिंकले की सगळे होईल, असे जलपरी धरून चालते आणि तिच्याबरोबर तुम्हीही. तुमची तेरा वर्षांची वाचक तसे धरून चालणार नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय संसदेचा आहे असे सांगितले, तेव्हा ती बातमी घराघरांतल्या टीव्हीवर होती. धर्मगुरूचा हात पुढे होत नाही म्हणजे काय, हे मुलांना आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच कळते.

म्हणजे गोष्ट अडली का? नाही, ती आता कुठे सुरू झाली आहे. अँडरसनने इथेही दुसरे दार ठेवलेले आहे. राजपुत्र दुसरीशी लग्न करतो, राजपुत्राला मारून तिने आपला जीव वाचवावा म्हणून बहिणी आपले केस देऊन सुरी आणतात, जलपरी ती सुरी समुद्रात फेकते आणि फेस होते. पण गोष्ट तिथे संपत नाही. हवेच्या कन्या तिला आपल्यात घेतात आणि सांगतात की तीनशे वर्षे चांगली कामे केलीस तर आत्मा तुला तुझ्या स्वतःच्या बळावर मिळेल, कोणाच्या लग्नावाचून. बहुतेक संक्षिप्त आवृत्त्या हा भाग गाळतात, कारण तो उपदेशासारखा वाटतो. मला तो या गोष्टीचा प्राण वाटतो. लग्नाच्या अटीवाचून मिळणारा आत्मा : हे वाक्य लिहून टेबलावर चिकटवा आणि मग चाळीस पाने पुन्हा वाचायला घ्या. हे दार शेवटच्या पानावर कशाला ठेवायचे? जलपरीला ते मधेच सापडले आणि तिने राजकन्येलाही दाखवले, तर दोघींना एकमेकींवर प्रेम करायला कोणाच्या परवानगीची गरज उरत नाही. प्रेम आणि आत्मा यांची गाठ सुटते. यापुढे राजकन्या तिच्याबरोबर जाईल की नाही हे ठरवणे तुमच्याकडे; तिला नाही म्हणण्याची मुभाही हवी.

मूळ गोष्टीतला आणखी एक प्रसंग तुमच्या मसुद्यात गळला आहे आणि तो गळता कामा नये. जलपरीला आपल्याबरोबर घोड्यावर फिरता यावे म्हणून राजपुत्र तिच्यासाठी सेवकाचा मर्दानी पोशाख शिवून घेतो. अँडरसन हे एका वाक्यात सांगून पुढे जातो. तुमच्या गोष्टीत हा पोशाख राजकन्येने शिवून घेतला तर काय होते ते पाहा. लोकांना राजकन्येबरोबर एक तरुण दिसतो. त्या दोघींना राज्यात प्रथमच मोकळे हिंडता येते, आणि तेही जलपरी जी नाही ते दिसल्यामुळे. किंवा कदाचित ती जी आहे तेच दिसल्यामुळे. तो निर्णय तुम्ही करायचा. तुमच्या पानावर आत्ता असे आहे : 'राजकन्येला पाहताच जलपरी तिच्या प्रेमात पडली. पण ती सांगणार कशी? तिला तर जीभच नव्हती.' हे तिच्याबद्दलचे निवेदन झाले. पोशाखाचा प्रसंग मी असा काहीसा लिहिला असता :

'शिंप्याने अंगरखा चढवला, कमरेला शेला आवळला आणि तो मागे सरला. तिने आरशात पाहिले. पावलांखालच्या सुऱ्या होत्या तशाच होत्या. पण त्या दिवशी पहिल्यांदा तिला चालावेसे वाटले.'

यात प्रेमाचा उच्चार नाही आणि कोणतेही नाव लावलेले नाही, तरी ज्या वाचकाला हे ओळखीचे आहे तो इथे थांबेल. 'क्वीअर', 'समलिंगी', 'पारलिंगी' हे शब्द आयुष्यात फार उपयोगाचे आहेत आणि मी ते कार्यशाळेत मोकळेपणाने वापरते; परंतु आटपाट नगरात ते पात्रांच्या तोंडी आले की गोष्ट माहितीपत्रकासारखी होते. पात्राला आपल्या जगातले शब्द शोधू द्यावेत.

आता मराठीचा प्रश्न, जो इंग्रजीत लिहिणाऱ्यांना पडत नाही. इंग्रजीत 'मी' बोलू लागला की त्याचे लिंग पुस्तकभर लपवता येते. मराठीत 'मी गेलो' किंवा 'मी गेले' म्हणताच ते उघड होते. कार्यशाळेत पुष्कळ जण इथे हात टेकतात, पण मराठीने आपल्याला एक मोठी सोय दिली आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्त्याकडे पाहत नाही : 'मी दार उघडले', 'मी पत्र वाचले', 'मी तिला हाक मारली', यांत बोलणारे कोण हे कळत नाही. 'मला भीती वाटली', 'मला पोहता येते', 'मी रोज खाडीवर जात असे', 'मी परत येईन', यांतही नाही. दगा देणारी सकर्मक क्रियापदे थोडी आहेत : बोलणे, विसरणे, शिकणे, म्हणणे. 'मी म्हणालो' किंवा 'मी म्हणाले' यांऐवजी 'मी म्हटले' लिहावे. अशा रीतीने मी एक तेवीस पानांची गोष्ट संपादित केली आहे. निवेदक मुलगा की मुलगी हे तिच्यात कुठेच येत नाही आणि तरी एकही वाक्य ओढूनताणून केलेले वाटत नाही. ती टिपसारख्या पात्राची गोष्ट होती आणि तिला या लपवण्याची खरी गरज होती. गरज नसताना ही कसरत करू नये. तुमच्या जलपरीला 'ती' राहू द्या. मर्दानी पोशाख घातल्यावर तिने मनातल्या मनात एकदाच 'मी आलो' म्हटले, तर त्या एका अक्षरात जे येईल ते पानभर वर्णनात येणार नाही.

नपुंसकलिंगाचा मोह मात्र आवरा. 'ते मूल', 'ते लेकरू' यांत मराठीत माया आहे. पण मोठ्या माणसाला 'ते आलं' म्हटले की तो वस्तू होतो आणि तृतीयपंथी लोकांनी हा अपमान पिढ्यान् पिढ्या सोसलेला आहे. आदरार्थी 'ते आले' ही गोष्ट वेगळी.

व्याकरण कधी कधी आपल्या नकळतच गोष्ट बदलून टाकते, याचे मला माहीत असलेले सर्वांत मोठे उदाहरण ऑस्कर वाइल्डच्या सुखी राजपुत्राचे आहे. ही गोष्ट १८८८ सालची. चौथऱ्यावरचा सोन्याने मढवलेला पुतळा आणि इजिप्तला जायचे सोडून त्याच्यासाठी थांबलेला, त्याची रत्ने गरिबांच्या घरी नेऊन देणारा एक छोटा पक्षी. वाइल्डने हा पक्षी नर म्हणून लिहिला आहे. शेवटी थंडीने मरायला टेकलेला तो पक्षी निरोप म्हणून हाताचे चुंबन मागतो, आणि राजपुत्र म्हणतो की ओठांचे घे, कारण माझे तुझ्यावर प्रेम आहे. पक्षी चुंबन घेऊन त्याच्या पायाशी मरून पडतो आणि पुतळ्यातले शिशाचे हृदय दुभंगते. मराठीत या पक्ष्याला भिंगरी म्हणतात, कोणी पाकोळी म्हणतात, आणि दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत. त्यामुळे 'भिंगरीने राजपुत्राचे चुंबन घेतले' असे वाक्य तयार होते आणि ज्या लेखकाला सात वर्षांनी, १८९५ साली, पुरुषावरच्या प्रेमापायी दोन वर्षे सक्तमजुरी झाली, त्याची गोष्ट एका शब्दाच्या लिंगामुळे राजा-राणीची होऊन जाते. भाषांतर करणाऱ्याचा यात काही वाईट हेतू नसतो. शब्दकोशात जे मिळाले ते त्याने ठेवलेले असते.

नेरूळच्या कार्यशाळेत एका मुलाने ही गोष्ट आपल्याकडे आणायचे ठरवले. पहिल्या खर्ड्यात त्याने भिंगरीच्या जागी ठाणे खाडीवरचा फ्लेमिंगो घेतला, कारण त्याच्या खिडकीतून तो दिसत असे आणि 'रोहित' हा शब्द पुल्लिंगी आहे. कल्पना सुरेख होती, पण पक्षी तिला साथ देईना. फ्लेमिंगो चिखलात उभा राहणारा, थव्याने जगणारा. तो पुतळ्याच्या दोन पावलांमध्ये रात्र कशी काढणार आणि चोचीत माणिक घेऊन खिडकीच्या फटीतून आत कसा शिरणार? दोन आठवड्यांनी तो परीट घेऊन आला. याला आपण धोबीही म्हणतो. हिवाळ्यात मैदानावर शेपूट वरखाली करत तुरुतुरु पळणारा पांढरा-काळा छोटा पाहुणा, आणि शब्द पुल्लिंगी. एवढ्या बदलाने गोष्टीचा ऋतूच फिरला. वाइल्डचा पक्षी हिवाळ्याच्या आधी दक्षिणेला जायचा राहतो आणि थंडीने मरतो. आपला परीट मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेला परतायचा राहतो आणि पुतळा म्हणतो, आणखी एक रात्र थांब. मग मे महिना येतो. ठाण्यातल्या तळावपाळीच्या कठड्यावर चटका बसेल असे ऊन पडलेले आहे, पुतळ्याचा पत्रा तापला आहे आणि परीट त्याच्याच सावलीत सरकत सरकत राहतो. चुंबनाच्या ओळीशी त्या मुलाचा आवाज थांबला, तेव्हा खोलीत कोणी काही बोलले नाही. इथे नवे असे काहीच घातलेले नव्हते. वाइल्डने जे लिहिले होते ते मराठीत जसेच्या तसे पोहोचले होते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे, मूळ गोष्टीला किती हात लावावा याचे, एकच उत्तर देता येत नाही. वाइल्डच्या बाबतीत कमीत कमी हात लावणे हेच क्वीअर पुनर्कथन ठरते. जलपरीच्या बाबतीत अटीला हात घालावा लागतो. टिपच्या बाबतीत शेवट उलगडून पुन्हा विणावा लागतो.

दोन गोष्टी घाईने सांगते. समुद्रातल्या चेटकिणीकडे पुन्हा एकदा पाहा. जुन्या गोष्टींत आणि त्यांवरच्या चित्रपटांत खलपात्राला बायकी पुरुषाचे किंवा पुरुषी बाईचे हावभाव दिले जातात, आणि आपल्या नाटक-सिनेमांतही हशा पिकवायला तेच केले जाते. नायिका क्वीअर आणि चेटकीणही त्याच खुणांनी भयंकर, असे झाले तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल. दुसरे म्हणजे शेवट. अँडरसनची जलपरी फेस होते, वाइल्डचे दोघेही मरतात. प्रौढांसाठी लिहिताना मी अशा शेवटांचा आदर करते. तेरा वर्षांच्या मुलीसाठी लिहिताना मात्र माझा आग्रह असतो की दोघींपैकी किमान एक जिवंत राहावी आणि तिच्यापुढे उद्याचा दिवस असावा. माझ्या खोलीत अशी मुले येऊन गेली आहेत, ज्यांनी वाचलेल्या प्रत्येक गोष्टीत त्यांच्यासारखे माणूस शेवटच्या पानापर्यंत टिकलेच नव्हते.

कायद्याचे सोपे आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याचा हक्क राहतो. अँडरसन १८७५ साली, वाइल्ड १९०० साली, बाम १९१९ साली वारले. त्यांच्या गोष्टी केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत. पीटर पॅनचे जेम्स बॅरी १९३७ साली गेले, तेही आपल्याकडे मोकळे आहेत. ब्रिटनमध्ये मात्र त्या गोष्टीचे मानधन १९८८ च्या कायद्यान्वये लंडनच्या मुलांच्या रुग्णालयाला जात राहते, म्हणून पुस्तक तिकडे विकायचे असेल तर चौकशी करावी. जपायचे ते दोन ठिकाणी. कोणाच्या मराठी भाषांतरावर तुमचा मजकूर बेतलेला असेल तर त्या भाषांतराचा हक्क स्वतंत्र असतो आणि त्याची परवानगी लागते. तसेच चित्रपटांनी घातलेली भर तुमची नाही : जलपरीचे एरियल हे नाव आणि तिचा गाणारा खेकडा १९८९ च्या चित्रपटातले आहेत आणि ओझमधले माणकांचे लाल बूट १९३९ च्या चित्रपटातले, बाम यांच्या पुस्तकात ते बूट चांदीचे आहेत. तुमच्या सतराव्या पानावर खेकडा आहे. तो काढा.

राहिला शेवटचा प्रश्न, मुलांपुढे ठेवावे का. ठेवावे, असे मी मनापासून म्हणते. दोन माणसांची ओढ मुलांना परीकथांतून पाचव्या वर्षापासून सांगितली जाते. ती ओढ दोन मुलींमध्ये असल्याने गोष्ट मोठ्यांची होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधले समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत आणि त्याआधी १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने पारलिंगी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. त्यामुळे 'असे लिहिणे बेकायदा आहे' असे कोणी म्हटले तर घाबरू नका.

पण कशी ठेवावी हे घरावर अवलंबून आहे. एका शाळेने माझे वाचन ठरवले होते आणि आदल्या संध्याकाळी दूरध्वनी करून रद्द केले. एका पालकाने कोठूनतरी ऐकले होते की मी 'तसले' काही वाचणार आहे. मला राग आला, आणि तो योग्यच होता. परंतु त्या मुलांपर्यंत गोष्ट पोहोचली नाही ती नाहीच. तेव्हापासून मी पूर्ण गोष्ट आधी पालकांच्या हाती देते. सांगोवांगी ऐकलेल्या गोष्टीला लोक जेवढे भितात तेवढे वाचलेल्या गोष्टीला भीत नाहीत, असा माझा अनुभव आहे. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की भाचीच्या आईला, म्हणजे तुमच्या बहिणीला, मसुदा आधी वाचायला द्या. त्या विरोध करतील अशी शंका असेल तर भाचीला चोरून देऊ नका. ते ओझे तिच्या डोक्यावर येईल. आणि भाची क्वीअर आहे असे तुम्हाला वाटते म्हणून तुम्ही हे लिहीत असाल, तर ते तिला सुचवूही नका. तुमच्या पत्रात तसे नाही, तरी विचारणाऱ्या दहांपैकी दोघा-तिघांच्या मनात ते असते, म्हणून लिहिले. गोष्ट तिच्यापुढे ठेवावी आणि ती काय म्हणते ते ऐकावे. ती काहीच म्हणाली नाही तरी चालेल.

सध्या एवढे करा. पोशाखाचा प्रसंग आणि आजी अट सांगते तो प्रसंग, हे दोनच पुन्हा लिहा. बाकीच्या पानांना हात लावू नका. लिहून झाल्यावर ते मोठ्याने वाचा आणि धर्मगुरूचे नाव येताच जलपरीने काय केले ते मला कळवा.